एका हाती वाल, दुसऱ्या हाती राब



भाताची झोडणी आटोपली, दाणे कणगीत पडले, पेंढ्याची उडवी रचून झाली, की शहरातले पाहुणे आपल्या ओट्यावर बसून म्हणतात, "आता काय, पावसाळ्यापर्यंत आराम!" आपण हसून चहा पुढे करतो. त्यांना काय सांगणार? भात घरात आले म्हणजे एक काम संपते आणि दहा कामे उभी राहतात. शेतातली ओल वाळायच्या आत वाल पडला पाहिजे. ओढ्याचे पाणी वाहून जायच्या आत बंधारा घातला पाहिजे. आंब्याला मोहर फुटू लागतो, भाजीला पाणी हवे असते, माळावरचे गवत कापून ठेवायचे असते. इतक्यात माघ उजाडतो आणि म्हातारी माणसे विचारू लागतात, "राबाचे काय केलेत?" म्हणजे या वर्षीचा हंगाम पुरता उरकलेला नसतो आणि पुढचा दाराशी येऊन बसलेला असतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी आपली गत होते.

ठाणे जिल्ह्यात ही ओढाताण जरा अधिकच. आपली जमीन थोडी. एखाद-दीड एकर खाचर, वर थोडी वरकस, हेच बहुतेकांचे वैभव. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो आणि चार महिन्यांत निघून जातो. त्यातच रेल्वे दाराशी आहे. १८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली, आणि तेव्हापासून आपल्या घरातला एक हात शेतात तर दुसरा नोकरीत, अशी रीत पडत गेली. आज टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, बदलापूर येथून पहाटेच्या लोकलने तरुण मुले कामावर जातात ती रात्रीच परततात. सातबाऱ्यावर नाव मुलाचे, पण वालाला पाणी सासू-सुनेने द्यायचे. माणसे कमी आणि कामे पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक. तेव्हा "काय करावे" या प्रश्नाइतकाच "कोणी करावे आणि कधी करावे" हा प्रश्नही मोठा आहे. आज त्याचाच विचार करू.

माझ्या तक्त्याची गोष्ट

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. बी.एस्सी. ॲग्री होऊन खात्यात आलो तेव्हा अंगात उत्साह फार. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात मी हिवाळी कामांचा एक सुरेख तक्ता केला. वाल, भेंडी, आंबा, कंपोस्ट, बांधबंदिस्ती, रोपांसाठी गादीवाफे, सगळे त्यात होते. तारखा लाल शाईने लिहिल्या होत्या. गावातल्या एका कुटुंबाने तो तक्ता मनावर घेतला. म्हातारा-म्हातारी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन मुले. मुलगा अंबरनाथला एका कारखान्यात पाळीवर जाई. दीड एकर खाचर, एक बैलजोडी, एक गाय. त्यांनी तक्त्यातले एकही काम सोडले नाही.

पुढे काय झाले ते ऐका. भेंडीला रोख पैसा मिळतो म्हणून दहा गुंठ्यांचे वाफे आधी बांधायला घेतले. त्यात बारा दिवस गेले. मग वाल पेरला, तोवर वरची ओल उडून गेली होती. वाल उगवला तो असा विरळ, की खाचरात जागोजागी टकले पडलेले. भेंडी मात्र जोमाने आली. ती एक दिवसाआड तोडावी लागते. पहाटे उठून सून तोडणी करी, सासू निवडून टोपल्या भरी, आणि मुलगा पाळीवर जाण्याआधी त्या गाडीत चढवून देई. पौषाच्या अखेरीस सून तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळली. तीन तोडण्या चुकल्या, भेंडी जून झाली, झाडे बी धरू लागली आणि नवी फुले कमी झाली.

इकडे म्हाताऱ्याने माझ्यासाठी गादीवाफ्याची जागा तयार केली खरी, पण त्याचा जीव राहीना. म्हणून त्याने कवळ तोडून, शेण-पाला पसरून राबही रचला. एका कामाची दोन कामे झाली. फाल्गुनात एका दुपारी राब पेटवला, वारा उठला, ठिणगी उडाली आणि पेंढ्याची अख्खी उडवी तासाभरात राख झाली. पावसाळ्यापर्यंत जनावरांना घालायचे काय? अखेर दावणीची गाय विकावी लागली.

मी भेटायला गेलो. कोणी मला दोष दिला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटले. सून भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "सायेब, तुमच्या कागदावर सगळं हाय. पन पानी आनायचा टाइम कुठं मांडलाय?"

मी गप्प झालो. माझ्या तक्त्यात विहिरीवरचे हेलपाटे नव्हते, सरपण नव्हते, भाकऱ्या नव्हत्या, मुलांची शाळा नव्हती, आजारपण नव्हते. सहा माणसांचे घर मी सहा मजुरांचे मानले होते. प्रत्यक्षात दिवसभर शेतात राबणारे हात अडीच माणसांचे होते. त्या दिवसापासून मी कोणत्याही घरी गेलो, की पीक विचारण्याआधी हात मोजतो.

थांबणारी कामे, न थांबणारी कामे

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळे त्यांच्या ओट्यावर बसलो आणि शाळेच्या वहीचे एक पान मधोमध दुमडले. डाव्या बाजूला न थांबणारी कामे लिहिली, उजव्या बाजूला थांबणारी. आपणही आज रात्री जेवणे झाल्यावर हे करून पाहा. घरातल्या बायामाणसांना सोबत घेऊन बसा, कारण निम्म्याहून अधिक कामे त्यांनाच ठाऊक असतात.

न थांबणारे काम म्हणजे आठ दिवस उशीर झाला तर जे वायाच जाते ते. ओलीवरची वालाची पेरणी, ओढ्यावरचा बंधारा, बियाण्याचे भात वाळवणे, मोहरावरच्या किडीचा बंदोबस्त आणि भेंडीची तोडणी. थांबणारे काम म्हणजे आज केले काय किंवा पंधरा दिवसांनी केले काय, पिकाचे बिघडत नाही ते. बांध नीट करणे, खताचा खड्डा भरणे, अवजारांना दांडे घालणे, कुंपण, मातीचा नमुना, ही त्यातली.

आपली चूक अशी होते, की थांबणारी कामे डोळ्यांसमोर असतात म्हणून ती आधी हाती घेतो. मोडका बांध दिसतो, पण उडून जाणारी ओल दिसत नाही. नियम एकच ठेवा. सकाळचा ताजा वेळ आणि घरातले सर्वांत जास्त हात न थांबणाऱ्या कामाला द्या. थांबणारे काम रोज थोडे थोडे, उरल्या वेळात करा. पण ते अजिबात टाकू नका, नाहीतर वैशाखात तेच न थांबणारे होऊन बसते.

ओल कोणाची वाट पाहत नाही

हळवे भात आधी निघते, निमगरवे नंतर आणि गरवे सर्वांत शेवटी. ज्या खाचरातले भात आधी निघेल त्याच खाचरात आधी वाल टाका. सगळे भात कापून, झोडून, घरात आणून मग वालाकडे वळू, असे म्हणू नका. भारे बांधून खळ्यावर रचले, की झोडणी चार दिवस थांबू शकते. मात्र आभाळाकडे लक्ष हवे. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या वेळी कापून पसरलेले भात पावसात कसे भिजले, ते कोकणात कोणी विसरलेले नाही. हवा फिरलेली दिसली, तर त्या दिवशी भात झाकणे हेच न थांबणारे काम.

भात कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस खाचरातले पाणी काढून द्यावे. कापणी दापोलीच्या विद्यापीठाने काढलेल्या वैभव विळ्याने, जमिनीलगत करावी. त्यामुळे खोडकिड्याच्या अळीला दडायला धसकट उरत नाही आणि पेंढाही जास्त मिळतो. मग मूठभर माती घेऊन दाबून पाहा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, तर वाफसा आहे असे समजा. गोळा होतच नसेल, तर उशीर झाला.

वाफसा असेल तर नांगरण्यात वेळ आणि ओल दोन्ही दवडू नका. भाताच्या ओळींमध्ये वाल टोकून द्या. ज्या खाचरात खोडकिडा फार झाला होता तिथे मात्र नांगरट करून धसकटे वेचणे बरे, मग त्या तुकड्यात त्या वर्षी वालाचा हट्ट धरू नये. पेरण्यापूर्वी दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम रायझोबियम जिवाणूखत गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावे आणि बी सावलीत सुकवावे. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, म्हणजे पुढच्या भाताचीही थोडी तरतूद होते. विद्यापीठाने काढलेला कोकण वाल-१ किंवा कोकण वाल-२ मिळाला तर उत्तम. नाहीतर घरचे निरोगी, टपोरे बी चालेल.

ओढ्यावर कच्चा बंधारा घालून ठेवला असेल, तर फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना एकेक पाणी देता येते. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून, पाच-सात घरांनी मिळून एका दिवसात हा बंधारा होतो. पण पाणी वाहते आहे तोवरच. ओढा आटल्यावर बंधारा म्हणजे वरातीमागून घोडे.

वाल फुलावर आला, की दर तीन-चार दिवसांनी फेरी मारा. शेंड्यावर मावा किंवा शेंगांना बारीक छिद्रे दिसली, तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. उन्हाळ्यात पाच किलो निंबोळ्या वाळवून ठेवल्या, की त्यांच्या पुडीपासून शंभर लिटर अर्क होतो. हे काम घरातली मुलेही करू शकतात.

भेंडी लावताना तोडणारे हात मोजा

मुरबाड, शहापूर, कल्याण या भागातली भेंडी आखातापर्यंत गेली आहे, याचा आपल्याला अभिमान आहे. पण भेंडी हे रोजच्या हजेरीचे पीक आहे. फूल उमलल्यावर पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते. दोन दिवस उशीर झाला, तर ती बाजारात चालत नाही. शिवाय जून शेंग झाडावर राहिली, की झाड बी पोसण्यात ताकद घालते.

म्हणून भेंडी किती लावायची, हे जमिनीवरून ठरवू नका, पाण्यावरूनही ठरवू नका. एक दिवसाआड पहाटे किती माणसे तोडणीला येतील, त्यावरून ठरवा. आणि त्यातले एक माणूस आजारी पडेल, असे धरूनच ठरवा. मघाच्या घराने दुसऱ्या वर्षी दहा गुंठ्यांऐवजी तीनच गुंठे भेंडी लावली. एकही तोडणी चुकली नाही. पैसा थोडा आला, पण सगळा हाती आला.

पिवळ्या शिरांचे झाड दिसले, की ते उपटून जाळा. तो विषाणुरोग आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. "अजून दोन शेंगा मिळतील" म्हणून ठेवलेले एक झाड सगळ्या वाफ्याला भोवते.

दाराशी आंब्याची चार झाडे असतील, तर मोहर फुटू लागल्यापासून आठवड्यातून दोनदा फांदी हलवून पाहा. तुडतुडे उडाले, पाने चिकट लागली, तर दुर्लक्ष करू नका. मोहरावर पांढरी भुरी दिसली, तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, दहा लिटर पाण्याला वीस ग्रॅम या प्रमाणात फवारावे. कीटकनाशक वापरायचे झाल्यास ते मोहर पूर्ण उमलण्याआधी वापरावे. फुले उमललेली असताना मधमाश्या आणि माश्या परागीकरणाचे काम करत असतात. त्या मेल्या, तर फळ कोण धरवणार?

राब सोडायचा तर का सोडायचा?

आता राबाकडे येऊ. राबाचा प्रश्न ठाणे जिल्ह्याला नवा नाही. इंग्रज सरकारने जंगलाचे कायदे कडक केले, तेव्हा कवळ तोडण्यावर बंधने आली आणि शेतकऱ्यांनी मोठी ओरड केली. त्यासाठी १८८५ साली मुंबई सरकारने वन आयोग नेमला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली. राबावाचून भात होत नाही, हे आपल्या पूर्वजांचे म्हणणे होते. ते अडाणीपणाचे नव्हते. राब भाजला, की तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळतो, जमीन भुसभुशीत होते आणि रोप तजेलदार येते. मी गावात "राब सोडा" म्हणून सांगत फिरलो, पण राब काय काय काम करतो हे लक्षात न घेता. म्हाताऱ्याने दोन्ही केले यात त्याचे काय चुकले?

राबाची किंमतही पाहा. फांद्या तोडणे, वाहून आणणे, शेण, पालापाचोळा, गवत, वरून माती असे थर रचणे, यात पौष-माघातले कितीतरी दिवस जातात. नेमके हेच दिवस वाल आणि भाजीचे. जे शेण खत होऊन शेतात गेले असते, ते जळते. डोंगर बोडके होतात. आणि वणव्याची भीती आहेच.

राबाची कामे दुसऱ्या रीतीने करता येतात. चर काढून तीन-चार बोटे उंच, तीन-साडेतीन फूट रुंद गादीवाफे करा, म्हणजे पाण्याचा निचरा होऊन रोप भुसभुशीत जमिनीत वाढते. एक एकर लावणीसाठी चार गुंठे रोपवाटिका पुरते. त्यात चांगले कुजलेले शेणखत घाला. कच्चे घातले, तर त्यातूनच तण येते. गिरणीतून भाताचे तूस आणून ते मंद जाळा आणि काळी राख होताच विझवा, पांढरी होऊ देऊ नका. ही काळी राख चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात वाफ्यात मिसळा. तिच्यातल्या सिलिकामुळे रोप कणखर होते आणि खोडकिड्याला दाद देत नाही. डॉ. ना. कृ. सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भातलागवडीतले हे एक सूत्र. तणाचा प्रश्न मात्र उरतोच. त्यासाठी पहिल्या पावसाने उगवलेले तण एकदा काढून मग बी पेरावे, आणि नंतर एक खुरपणी द्यावी.

याच चारसूत्रीत गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला तीस किलो गाडायला सांगितला आहे. त्याची तयारी हिवाळा सरतानाच करायची. बांधावर गिरिपुष्प नसेल, तर चैत्र-वैशाखात शेंगा तडकायच्या आधी बी गोळा करून ठेवा आणि पावसाच्या तोंडाशी बांधावर लावा. दोन-तीन वर्षांत घरचा पाला सुरू होतो.

एक पायरी आणखी पुढे जायचे असेल, तर शेजारच्या रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत जाऊन या. तेथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले सगुणा भात तंत्र पाहायला मिळते. कायमचे गादीवाफे, त्यावर भात टोकायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून रोपवाटिकाही नाही. भात कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवून त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा टोकायचा. हात कमी असलेल्या घरांना हे सोयीचे आहे. मात्र पहिल्या वर्षी वाफे करायला मेहनत पडते आणि तणाचा बंदोबस्त वेळेवर करावा लागतो. म्हणून पहिल्या वर्षी पाच गुंठ्यांवर अनुभव घ्या, मग वाढवा.

आणि ज्यांना यंदा राब करायचाच आहे, त्यांनी तो लहान करा. रोपवाटिकेला लागेल तेवढीच जागा भाजा, सगळे खाचर नव्हे. उडवी, गोठा आणि शेजाऱ्याचे गवत यांपासून राब लांब ठेवा. भोवती दहा-बारा फुटांची पट्टी साफ करून जाळरेषा काढा. भर दुपारी नव्हे, वारा पडल्यावर, दोन माणसे आणि पाण्याच्या घागरी जवळ ठेवून पेटवा. जंगलाला लागून शेत असेल, तर वनरक्षकाला आधी सांगा. हे पाळले असते, तर ती गाय दावणीला राहिली असती.

रोज एक पाटी

थांबणाऱ्या कामांसाठी माझा एक साधा हिशेब आहे. गोठा झाडताना निघणारे शेण, गव्हाणीतले उष्टे गवत, अंगणातला पाचोळा मिळून रोज फक्त एक पाटी खताच्या खड्ड्यात टाका. पाटीत पंधरा किलो माल धरा. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत नव्वद पाट्या पडल्या, तर साडेतेराशे किलो माल झाला. कुजताना तो घटतो हे खरे, पण जे खत विकत आणावे लागले असते त्यातला मोठा वाटा घरातच तयार होतो, आणि त्यासाठी एकही दिवस वेगळा काढावा लागत नाही.

बांधाचेही तसेच. रोज संध्याकाळी घरी परतताना पाच हात बांध नीट करायचा. महिन्यात दीडशे हात होतात. पावसात बांध फुटला, तर खाचरातले पाणी आणि वरखत दोन्ही जाते, आणि आषाढात चिखलात उभे राहून तोच बांध बांधणे किती जड जाते, ते आपण जाणताच.

महिन्यांची वाटणी

कार्तिक आणि मार्गशीर्षात कापणी, वाल, बंधारा आणि बियाणे ही चारच कामे डोक्यात ठेवा. बियाण्यासाठी शेताच्या मधल्या भागातल्या जोमदार, भेसळ नसलेल्या लोंब्या वेगळ्या कापा, वेगळ्या झोडा आणि दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा. ओलसर ठेवलेल्या बियाण्याला कीड लागते आणि उगवण बसते. संकरित भाताचे बी मात्र घरचे धरू नये. भात विकायचे असेल, तर आधारभूत खरेदी केंद्रावर वेळेत नोंदणी करा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सर्वसाधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता. घरचा दर त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय व्यापाऱ्याला माल घालू नका.

पौषात भाजीची तोडणी आणि आंब्याची देखभाल. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. बैल घ्यायचा असेल, तर त्याआधी घरात बसून हिशेब करा. दीड एकरासाठी जोडी वर्षभर पोसणे परवडते, की पॉवर टिलर भाड्याने घेणे परवडते? बैल ठेवला तर शेणखत मिळते, हेही त्या हिशेबात धरा. जत्रेत जाऊन विचार करायला बसलात, तर बैल नव्हे, दलाल ठरवतो.

माघात खताचा खड्डा, बांध, गिरिपुष्प, अवजारे. ओल्या वालाच्या शेंगा बाजारात चांगल्या जातात, तेव्हा थोड्या ओल्या विका, थोड्या बियाण्याला आणि बिरड्याला ठेवा.

फाल्गुनात वालाची काढणी. शेंगा वाळून तडकण्यापूर्वी, सकाळच्या दवात वेल उपटावेत, म्हणजे दाणे गळत नाहीत. रान मोकळे झाले, की खत टाकण्यापूर्वी मातीचा नमुना घ्या. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे, वीतभर खोल खड्डे करून बाजूची माती तासून घ्या, एकत्र मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. ती पिशवीत भरून, नाव व गट क्रमांक लिहून प्रयोगशाळेत द्या. होळीआधी दिलेत, तर पेरणीआधी अहवाल हाती येतो.

वही कोणाच्या हाती?

ज्या घराची गोष्ट मी सांगितली, तिथे दुसऱ्या वर्षी आम्ही वहीत तिसरा रकानाही काढला. त्याचे नाव "घरचे". पाणी, सरपण, स्वयंपाक, मुले, दुखणेबाणे, लग्नकार्य. आधी तो भरला, मग उरलेल्या वेळात शेत मांडले. तेव्हा म्हातारा म्हणाला, "एवढी कामं रोज व्हतात व्हय घरात?" चाळीस वर्षे त्याच घरात राहून त्याने ती मोजली नव्हती. मीही मोजली नव्हती. त्या वर्षापासून सकाळचे पाणी मुलगा पाळीवर जायच्या आधी भरू लागला. नुसत्या तेवढ्याने सुनेचा पाऊण तास वाचला, आणि तो पाऊण तास वालाच्या फेरीला मिळाला.

त्या वर्षी वाल दिवाळीनंतर चौथ्या दिवशी टोकला. राब अर्ध्यावर आणला, गादीवाफा अर्ध्या रोपांसाठी केला. लावणीच्या वेळी म्हाताऱ्याने दोन्हीकडची रोपे उपटून मुळे शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि काही बोलला नाही. तिसऱ्या वर्षी त्याने कवळ तोडायला कोयता उचलला नाही. म्हाताऱ्याला माझ्या भाषणाने नव्हे, मुळांनी पटवले. गाय परत यायला मात्र चार वर्षे लागली.

आज म्हातारा नाही. वही आहे. ती सून स्वतः लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कोणत्या खाचरातली ओल कोणत्या तिथीपर्यंत टिकते, हे तिच्या वहीत वर्षवार नोंदलेले आहे. मी नव्या मंडळींना घेऊन त्या गावी जातो, तेव्हा माझा तक्ता पिशवीतच ठेवतो आणि तिची वही पुढे करतो.

बंधू-भगिनींनो, आपल्या भागात जमिनीला आज भाव आला आहे. रस्ते आले, इमारती आल्या. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला. ज्यांच्याकडे दीड एकर उरली आहे त्यांना रोज कोणीतरी विचारते, "ठेवून करणार काय?" याचे उत्तर भाषणाने देता येत नाही. दीड एकरात भात, वाल आणि तीन गुंठे भाजी वेळच्या वेळी आली, घरातले कोणी अंथरुणाला लागले नाही, आणि उडवी पावसाळ्यापर्यंत पुरली, तर ते उत्तर आपोआप मिळते. एक ना धड भाराभर चिंध्या करण्यापेक्षा चार कामे धड करा.

आज रात्री वहीचे पान दुमडा. तीन रकाने काढा. "घरचे" हा रकाना आधी भरा, आणि तो घरातल्या बाईच्या हातून भरा. मग उद्या सकाळी खाचरात जाऊन मूठभर माती दाबून पाहा. गोळा होत असेल, तर हा अंक बाजूला ठेवा आणि वालाचे बी काढा. उरलेले वाचायला संध्याकाळ आहे.